बुटक्या डोंगरांवरचे आकाश

बीड शहर १७ सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वेने अहिल्यानगरशी जोडले गेले. दोन-तीन पिढ्यांनी ज्या गाडीची वाट पाहिली ती अखेर आली, तेव्हा जिल्ह्याची पुढची मागणी विमानतळाची असणार हे ओघानेच आले. बीडजवळ धावपट्टी व्हावी ही चर्चा तशी नवी नाही. तिच्या समर्थनार्थ उद्योग, आरोग्यसेवा, शेतमालाची वाहतूक असे अनेक मुद्दे मांडले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. मात्र ही धावपट्टी झालीच, तर तिच्यावर येणारी विमाने कोणत्या जातीची असतील आणि ती कोणत्या डोंगरांवरून, कोणत्या हवेतून येतील, याची चर्चा फारशी होताना दिसत नाही. दीडशे-दोनशे प्रवाशांची जेट विमाने बीडला येण्यास बराच अवधी आहे. येतील ती लहान विमाने: सहा-आठ आसनांची खासगी विमाने, रुग्णवाहिका विमाने, प्रशिक्षणाची दोन आसनी विमाने आणि अर्थातच हेलिकॉप्टर.

हेलिकॉप्टरसाठी तर धावपट्टीचीही गरज नसते. निवडणुका, दसरा मेळावे, गडांवरचे उत्सव, पुढाऱ्यांच्या घरची लग्ने अशा निमित्तांनी ती जिल्ह्यात उतरत असतातच. सावरगाव घाट, नारायणगड, गहिनीनाथगड ही नावेच सांगतात की, गर्दी जमते ती डोंगरात. शिवाय २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी तेव्हाच्या औरंगाबादहून उडालेल्या लहान विमानांनी मराठवाड्यातील ढग शोधले होते. इतर वैमानिक ज्या ढगांना टाळतात, त्यांच्याकडेच ही विमाने मुद्दाम जात होती. तात्पर्य, बीडच्या आकाशात लहान विमान ही उद्याची गोष्ट नाही, आजचीच आहे. त्या आकाशाचा अभ्यास मात्र झालेला नाही.

बीड जिल्ह्याचे दोन भाग जुन्या काळापासून मानले जातात. उत्तरेकडील गोदावरीच्या काठचा सखल प्रदेश म्हणजे गंगथडी आणि दक्षिणेकडील उंच पठार म्हणजे बालाघाट. बीड शहर या दोहोंच्या सांध्यावर, डोंगराच्या पायथ्याशी, बिंदुसरेच्या काठी वसले आहे. सोलापूरच्या दिशेने निघाले की, काही वेळातच मांजरसुंब्याचा घाट लागतो आणि गाडी पठारावर येते. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे ते आठशे मीटर. पायथ्यापासून मोजली तर चढण दोन-तीनशे मीटरचीच. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्या माणसाला हे डोंगर टेकड्याच वाटतील.

गंमत अशी की, विमानशास्त्रालाही ते तसेच वाटतात. उड्डाणमार्ग आखण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत 'पर्वतीय प्रदेश' कशाला म्हणावे याची व्याख्या आहे. साडेअठरा किलोमीटर अंतरात भूमीची उंची ९०० मीटरपेक्षा अधिक बदलत असेल, तर तो प्रदेश पर्वतीय. उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानाने पर्वतीय प्रदेशात आठ किलोमीटरच्या परिघातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा दोन हजार फूट वर राहावे आणि अन्यत्र एक हजार फूट वर राहावे, असा दंडक आहे. ही व्याख्या लावली, तर बालाघाट पर्वतीय ठरत नाही. वैमानिकाच्या मनातही म्हणून डोंगराची ती धास्ती उत्पन्न होत नाही, जी केदारनाथच्या दरीत शिरताना होते.

अपघातांचा इतिहास मात्र उंच शिखरांचाच पक्षपाती नाही. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईत उतरण्याच्या प्रयत्नात ऐन पावसाळ्यात घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि ४५ जणांचा अंत झाला. मृतांत इंडोनेशियाहून परतणारे अमेरिकेतील तेरा पत्रकार होते. ती टेकडी सातशे फुटांचीही नव्हती. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले. तेथेही ४५ बळी. जुलै १९६२ मध्ये अलितालियाचे बँकॉकहून येणारे विमान रात्री जुन्नर परिसरातील डोंगराला धडकून ९४ जण ठार झाले. मुंबई जवळ आली, अशा समजुतीने वैमानिकाने खाली उतरण्यास आरंभ केला होता. प्रत्यक्षात ती सुमारे ऐंशी किलोमीटर दूर होती. ही सारी मोठी विमाने होती आणि त्या काळची दिशादर्शक साधने आजच्या मानाने प्राथमिक होती, हे खरे. परंतु २६ जानेवारी २०२० रोजी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट ज्या हेलिकॉप्टरमध्ये मरण पावला, त्यात आधुनिक साधने होती, वैमानिक अनुभवी होता आणि लॉस एंजेलिसजवळच्या त्या टेकड्या आपल्या बालाघाटापेक्षा उंच नव्हत्या. आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर २ सप्टेंबर २००९ रोजी नल्लमलाच्या ज्या रांगेत कोसळले, तीही दख्खनच्या पठारावरचीच, जंगलाने झाकलेली एक मध्यम उंचीची रांग आहे.

बुटका डोंगर धोकादायक का ठरतो, याचे पहिले उत्तर ढगांत आहे. हिमालयात वैमानिक शिखराच्या वरून जाण्याचा विचारच करीत नाही, तो दरीतून जातो आणि दरी झाकलेली असेल तर शहाणा असेल तर परततो. बालाघाटावर पावसाळ्याचा ढग पठाराच्या कडेवर टेकतो, तेव्हा ढग आणि जमीन यांत शे-दोनशे फुटांची फट उरते. गंगथडीवर हवा स्वच्छ असते, समोरच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसत असतो आणि मुक्काम दहा मिनिटांवर असतो. या फटीतून निघून जाऊ, असा मोह होणे स्वाभाविक आहे. डोळ्यांनी पाहून करावयाच्या उड्डाणासाठी सर्वसाधारणपणे पाच किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांपासून आडवे दीड किलोमीटर, उभे तीनशे मीटर अंतर लागते. कमी उंचीवरील उड्डाणांना आणि हेलिकॉप्टरांना यात काही सवलती आहेत आणि नेमक्या त्याच सवलतींच्या आधारे ती फट कायदेशीर भासू लागते.

ढगात शिरल्यावर काय होते, याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली उपकरणांवरून उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना क्षितिज दिसणार नाही अशा स्थितीत ठेवले गेले. विसांपैकी वीसांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत. माणसाच्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा डोळ्यांच्या साक्षीवाचून फसते, हे त्याचे कारण. हातातील विमान वळत असताना ते सरळ चालले आहे, असे मन छातीठोकपणे सांगते. प्रशिक्षित वैमानिक उपकरणांवर विश्वास ठेवून यातून बाहेर पडू शकतो, पण जमिनीपासून शे-दोनशे फुटांवर त्याला तेवढा वेळच मिळत नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाचे उत्तम वैमानिक चालवीत होते, यंत्रात दोष नव्हता. दरीतील हवामान अनपेक्षितपणे बदलल्याने ढगात प्रवेश झाला आणि दिशाभ्रम झाला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यातील बावधन येथे सकाळच्या धुक्यात हेलिकॉप्टर उडाले आणि अल्पावधीतच डोंगराळ भागात कोसळून दोन वैमानिक व एक अभियंता दगावले. त्याआधी जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी, २४ ऑगस्टला, मुळशी तालुक्यातील पौडजवळ मुंबईहून निघालेले दुसरे हेलिकॉप्टर खराब हवेत पडले होते. त्यातील चौघे सुदैवाने वाचले. पुण्यासारख्या शहराच्या उंबरठ्यावर, जेथे विमानतळ, वेधशाळा आणि हवाई दलाचा तळ आहे, तेथे हे घडते.

प्रवाशाला यातले काही कळत नाही, हीही यातली शोकांतिका. २९ मे २०२२ रोजी नेपाळमध्ये पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे ट्विन ऑटर विमान ढगांनी झाकलेल्या पर्वतावर आदळले, त्या २२ मृतांत ठाण्यातील एका कुटुंबाचे चौघे होते. केदारनाथ परिसरात १५ जून २०२५ रोजी पहाटे कोसळलेल्या हेलिकॉप्टरमध्येही महाराष्ट्रातील भाविक कुटुंब होते. तिकीट काढणाऱ्याने खिडकीतून दिसणारा ढग पाहून विमान थांबवावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. ते काम दुसऱ्या कोणाचे तरी असते.

बीडचा दुसरा धोका ढगांच्या अगदी उलट ऋतूत येतो आणि तो दिसतही नाही. विमानाचे पंख, हेलिकॉप्टरची पाती आणि इंजिन या तिघांचेही काम हवेच्या घनतेवर चालते. हवा तापली की ती विरळ होते. मे महिन्यात मांजरसुंब्याच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे बावीसशे फुटांवर, दुपारी पारा ४२ अंशांवर गेला असेल, तर वैमानिकी गणिताप्रमाणे तेथील हवा सुमारे सहा हजार फूट उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ असते. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. याचा अर्थ असा की, जमिनीवर उभे असलेले विमान जणू कळसूबाईच्या शिखराहूनही वर उभे आहे. साध्या चार आसनी विमानाला उड्डाणासाठी लागणारी धाव या हवेत दीडपटीच्या पुढे जाते आणि वर चढण्याचा वेग एक तृतीयांशाहून अधिक घटतो. फसवणूक अशी की, वेगमापकाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवितो. प्रत्यक्षात विमान हवेतून सुमारे दहा टक्के अधिक वेगाने जात असते आणि वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढलेली असते. अरुंद दरीतून मागे फिरताना हे वीस टक्के कोठून आणावयाचे?

हेलिकॉप्टरला धाव लागत नाही, पण अधिक भार घेऊन शाळेच्या मैदानातून सरळ वर उठण्यासाठी लागणारी शक्ती याच हवेतून येते. २५ मे २०१७ रोजी शेजारच्या लातूर जिल्ह्यात निलंगा येथून तेव्हाचेही मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडाले, पुरेसे वर गेले नाही, विजेच्या तारांत अडकून खाली आले. सारे बचावले, म्हणून त्या घटनेची आठवण आता किश्श्यापुरती उरली आहे. मराठवाड्यातील मे महिन्याची ऐन दुपार, वस्तीतील तात्पुरते हेलिपॅड, भोवताली तारा आणि भरलेले यंत्र, हे सारे घटक बीडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी आजही जमून येतात. लोकसभेच्या निवडणुका एप्रिल-मेमध्ये येतात, हे कॅलेंडर कोणी बदलणार नाही. सभा सकाळी आठ वाजता घ्या, असे वैमानिकाने सुचविले, तर त्याला हसतील. कारण मैदान सायंकाळशिवाय भरत नाही. सायंकाळी सभा लांबली की, सूर्यास्ताची घाई सुरू होते. डोळ्यांनी पाहून करावयाच्या उड्डाणाला अंधार वर्ज्य आहे.

तिसरा घटक वाऱ्याचा. पावसाळ्यात बालाघाटावरून वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून वाहतो आणि चांगला जोमाने वाहतो. वाहते पाणी जसे बंधाऱ्यावरून पलीकडे कोसळते आणि खाली भोवरे घेते, तसेच वाऱ्याचे होते. डोंगराच्या वाऱ्यासमोरच्या बाजूला हवा वर चढते व विमानाला उचलते. पाठीमागच्या बाजूला ती खाली येते व विमानाला दाबते. आता बीडची रचना पाहावी. पठाराची कड उत्तर-ईशान्येकडे, गंगथडीच्या बाजूला आहे. म्हणजे पावसाळी वाऱ्यात ही कड पाठीची बाजू ठरते. बीड किंवा गेवराईहून दक्षिणेकडे निघालेले विमान समोरचा वारा घेत, संथ गतीने कडेकडे जाते, आणि ज्या ठिकाणी त्याला सर्वाधिक उंची हवी, नेमक्या त्याच ठिकाणी हवा त्याला खाली ढकलते. मोठ्या पर्वतांच्या पाठीशी हा खालचा प्रवाह मिनिटाला हजार फुटांहून अधिक वेगाचा असू शकतो. बालाघाटाचा जोर त्याहून पुष्कळ कमी असणार, परंतु उन्हाने अर्धमेल्या झालेल्या लहान इंजिनाकडे तरी कोठे अधिक शक्ती शिल्लक असते?

यावर जगभरच्या डोंगरी वैमानिकांनी काही नियम अनुभवातून घालून ठेवले आहेत. डोंगराच्या धारेला काटकोनात सामोरे जाऊ नये. पंचेचाळीस अंशांनी तिरपे जावे, म्हणजे विमान दबू लागले, तर अर्ध्या वळणात उताराकडे सुटता येते. धार ओलांडताना किमान हजार फूट, वारा असेल तर दोन हजार फूट अंतर राखावे. दरीच्या मधोमध उडू नये, एका बाजूने उडावे. मधोमध असताना दोन्हीकडे निम्मीच जागा उरते. माथ्यावरचा वारा पंचवीस नॉटच्या पुढे असेल, तर लहान विमानाने घरी राहावे. आणि शक्य तेवढे उड्डाण सकाळी उरकावे, कारण दुपारी तापलेल्या खडकांवरून उठणारे प्रवाह विमानाला सुखाने जाऊ देत नाहीत. या नियमांमागचे तत्त्व एकच आहे: परतीची वाट उघडी ठेवणे. ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये १९३९ साली बांधलेले युंकर्स विमान वीस जणांसह कोसळले. आकाश निरभ्र होते, वैमानिक पूर्वी हवाई दलात मुरलेले होते. ते दरीत इतके खाली शिरले की, हवेचा दाब अंगावर आल्यावर वळायला जागा उरली नाही, असे तेथील चौकशी मंडळाने २०२१ च्या अहवालात नोंदविले. ढग नसतानाही डोंगर मारतो, याचे एवढे स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल.

याच वाऱ्याने बालाघाटावर पवनचक्क्या आणल्या. पाटोदा, केज, बीड या तालुक्यांच्या माळांवर त्यांच्या रांगा उभ्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाल्यानंतर पवनचक्की कंपन्यांकडून खंडणी मागितल्याच्या आरोपांमुळे हा विषय राज्यभर गाजला. उड्डाणाच्या दृष्टीने त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. आधुनिक पवनचक्कीचे पाते वर उभे असताना त्याचे टोक जमिनीपासून दोनशे मीटरपर्यंत जाते. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या विमानासाठी वस्तीबाहेर किमान उंचीचा आंतरराष्ट्रीय नियम जमिनीपासून १५० मीटरचा, म्हणजे पाचशे फुटांचा आहे. हे दोन आकडे शेजारी मांडले की, नियम पाळून उडणारे हेलिकॉप्टरही पात्याच्या टोकाहून खाली असू शकते, हे उघड होते. पवनचक्की धारेवरच बसविली जाते, कारण वारा तेथे सर्वाधिक असतो. ढगही तेथेच टेकतो. दीडशे मीटरपेक्षा उंच बांधकाम हवाई अडथळा मानावे, त्यावर दिवे लावावेत, असे नियम आहेत. पण दिवे ढगात दिसत नाहीत आणि वारा मोजण्यासाठी प्रथम उभे करतात ते बारीक, ताणलेल्या तारांचे मनोरे तर दिवसाही डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. कोणत्या गटात किती उंचीचे मनोरे उभे आहेत आणि कोणते नव्याने उभे राहिले, याचा ताजा नकाशा वैमानिकाच्या हाती असणे हे जीवन-मरणाचे काम आहे. जमिनीची पूर्वसूचना देणारे यंत्र हेलिकॉप्टरात असले, तरी ते त्याच्या आत भरलेल्या माहितीइतकेच शहाणे असते. गेल्या महिन्यात उभा राहिलेला मनोरा त्याला माहीत नसतो.

आता प्रश्न माहितीचा. वैमानिकाला हवी असलेली ढगांची उंची, दृश्यमानता आणि उंचीमापक जुळविण्यासाठी हवेचा दाब ही माहिती विमानतळांवरून मिळते. बीडला सर्वांत जवळचा नियमित विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा, सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर. तेथे आकाश स्वच्छ आहे, म्हणून मांजरसुंब्यावर ते स्वच्छ असेल असे मुळीच नाही. दाबातील प्रत्येक एका हेक्टापास्कलच्या चुकीने उंचीमापक सुमारे तीस फुटांनी खोटे बोलतो. प्रत्यक्षात मग काय होते? सभेच्या ठिकाणी असलेल्या एखाद्या कार्यकर्त्याला किंवा पोलिसाला फोन जातो, "हवा कशी आहे?" आणि "एकदम मोकळी आहे साहेब, या" असे उत्तर येते. त्या भल्या माणसाची यात काही चूक नाही. त्याला पाऊस पडतो आहे की नाही एवढेच कळते, ढगाचा तळ किती फुटांवर आहे हे कळण्याचे त्याच्याजवळ साधन नाही.

वास्तविक महाराष्ट्राकडे यासाठी पायाभूत तयारी आहे. 'महावेध' प्रकल्पाखाली राज्यातील महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली आहेत. ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. पीक विम्याचे दावे त्यांच्याच आकड्यांवर लढविले जातात. ढगाची उंची व दृश्यमानता ती मोजत नाहीत. त्यांतील डोंगरमाथ्यावरच्या मोजक्या केंद्रांना हे दोन मापक आणि एक कॅमेरा जोडणे अवघड नाही. अलास्कात अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने खिंडीखिंडींत असे कॅमेरे बसविले आहेत. त्यांची संख्या दोनशेच्या पुढे आहे. वैमानिक निघण्यापूर्वी खिंडीचे आताचे छायाचित्र पाहतो, शेजारी स्वच्छ दिवसाचे छायाचित्र असते, आणि समोरचा डोंगर दिसत नसेल तर तो चहा घेत थांबतो. यात शास्त्रीय चमत्कार काही नाही. मांजरसुंबा, पाटोद्याचा माळ, धारूरचा घाट आणि परळीच्या डोंगरावर असे चार कॅमेरे पुरेसे होतील. एका मोठ्या सभेच्या मंडपाच्या खर्चापुढे त्यांची किंमत नगण्य ठरावी.

धावपट्टी आली की प्रशिक्षण संस्था येतील, असेही सांगितले जाते. बारामती, धुळे, गोंदिया येथे ते घडले आहे. नवशिक्या वैमानिकांच्या प्रांतात डोंगर असला, की काय होते याची दोन अलीकडची उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवावीत. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूरच्या संस्थेचे प्रशिक्षण विमान पडले. प्रशिक्षक जागीच गेले. जखमी प्रशिक्षणार्थी तरुणीला आदिवासी गावकऱ्यांनी झोळी करून डोंगरातून खाली आणले. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी येथून उडालेले विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ जंगलात कोसळले आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघेही मृत्युमुखी पडले. नाव बालाघाटच, डोंगर मात्र निराळे.

चोपड्याच्या त्या झोळीचा उल्लेख मुद्दाम केला. डोंगरातील अपघातात पहिली मदत नेहमीच जवळच्या वस्तीतून येते. अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचे हेलिकॉप्टर ३० एप्रिल २०११ रोजी बेपत्ता झाले, ते पाचव्या दिवशी सापडले. राजशेखर रेड्डी यांच्या हेलिकॉप्टरचा शोध लागायला एक दिवस गेला, तोही एका मुख्यमंत्र्याचा शोध असताना. बीडच्या डोंगराळ तालुक्यांतील तांडे आणि वाड्या दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात व मार्च-एप्रिलपर्यंत निम्म्याहून अधिक घरांना कुलूप असते. विधानसभेच्या प्रचाराची हेलिकॉप्टरे नेमकी त्याच मोसमात फिरतात. पडताना पाहणारा आणि झोळी करणारा माणूस तेव्हा कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकाच्या फडात असेल. म्हणून संकटसंकेत देणारे यंत्र चालू स्थितीत असणे, उड्डाणाचा मार्ग आणि पोहोचण्याची वेळ कोणाकडे तरी लेखी असणे आणि ती वेळ टळल्यावर किती मिनिटांनी शोध सुरू करावयाचा हे आधीच ठरलेले असणे, या गोष्टी येथे अधिकच महत्त्वाच्या ठरतात.

आणि सर्वांत कठीण प्रश्न: 'नाही' कोणी म्हणावयाचे? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या निवडणूक काळातील उड्डाणांसाठी मार्गदर्शक सूचना आहेत आणि अंतिम निर्णय वैमानिकाचा, हे तत्त्व कायद्याने मान्यच आहे. परंतु वैमानिक ज्याच्या हाताखाली काम करतो त्या कंपनीचा ग्राहक मागच्या आसनावर बसलेला असतो. पुढचे कंत्राट त्याच्या मर्जीवर असते. कोबी ब्रायंटच्या अपघाताच्या अहवालात अमेरिकी चौकशी मंडळाने एक बारीक गोष्ट नोंदविली आहे. प्रवाशाने किंवा कंपनीने दडपण आणल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मोठ्या माणसाला वेळेवर पोहोचविण्याचे दडपण वैमानिकाने स्वतःच स्वतःवर घेतले होते. आपल्याकडे तर दडपण आणण्यास माणसांची वाण नाही. राजशेखर रेड्डी यांच्या अपघाताच्या चौकशीत दिसले की, शेवटच्या काही मिनिटांत वैमानिकांचे लक्ष तेलाच्या दाबाच्या इशाऱ्यात गुंतले होते आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर वादळी ढगाच्या तावडीत गेले. परत फिरण्याचा निर्णय सोपा आणि सन्मानाचा असता, तर त्या मिनिटांना वेगळे वळण लागले असते काय, असे मनात येते. त्याचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही.

यावर एक उपाय असा की, निर्णयाचा भार एकट्या वैमानिकावर राहू नये. तात्पुरत्या हेलिपॅडची व्यवस्था जिल्हा प्रशासन पाहते. जागेची पाहणी होते, पाण्याचा टँकर येतो, बंदोबस्त लागतो. त्याच कागदावर हवेची किमान मर्यादा आधी लिहिलेली असावी: इतका ढग, इतका वारा, इतके तापमान, इतके वजन, त्यापलीकडे उड्डाण नाही आणि सभेला मोटारीने जावयाचे. मर्यादा आदल्या दिवशी ठरली, की दुसऱ्या दिवशी वाद घालण्याचे कारण उरत नाही. शंभर किलोमीटरच्या अंतरासाठी मोटारीला दोन तास लागतात. बीडचे रस्ते पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, हे तर पुढाऱ्यांनीच भाषणांतून सांगितले आहे.

धावपट्टीच्या बाबतीतही हेच. तिची जागा ठरविताना भूसंपादन किती सोपे, एवढ्यावर भागू नये. पावसाळी वाऱ्यात पठाराच्या कडेची पाठीमागची खळबळ किती दूरवर पोहोचते, उतरण्याच्या मार्गात पवनचक्क्यांच्या किती रांगा येतात आणि मेमधल्या विरळ हवेसाठी किती अधिक लांबी लागेल, हे आधी मोजावे लागेल. यासाठी निदान एक संपूर्ण वर्ष, चारही ऋतूंत, वाऱ्याची नोंद लागते. ती नव्याने घेत बसण्याचेही कारण नाही. पवनचक्की उभारण्यापूर्वी कंपन्या त्या जागेचा वारा वर्षभर उंच मनोऱ्यांवरून मोजतात आणि उभारल्यानंतरही प्रत्येक यंत्राची नोंद दर दहा मिनिटांनी होत राहते. म्हणजे बालाघाटाच्या माथ्यावर वारा कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने वाहतो, याची वर्षानुवर्षांची मोजदाद त्याच डोंगरावर तयार आहे. ती आज वीजविक्रीच्या हिशेबासाठी वापरली जाते. ती मागण्यासाठी बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून एक पत्र जावे लागेल.